आपोआप विंडोज टाकणारी डिस्क मध्येच अडकते तेव्हा

जून उजाडला की माझे फोन सुरू होतात. शाळा-कॉलेजांच्या संगणक लॅब उघडतात, पंचवीस-तीस मशीनवर नव्यानं विंडोज टाकायचं असतं, आणि गेल्या वर्षी बिनबोभाट काम उरकणारा पेनड्राइव्ह यंदा मध्येच भाषा विचारत थांबलेला असतो. सातारा-सांगलीच्या आसपासच्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं हे दुखणं काढतोय. बिघाड तेच ते असतात, म्हणून सगळे एकदा क्रमानं लिहून ठेवतो.

विंडोज टाकणारी डिस्क म्हणजे डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह, दोन्ही. तिच्यात नेहमीचं विंडोज सेटअप असतं आणि सोबत एक आन्सर फाइल, ऑटोअनअटेंड.एक्सएमएल. भाषा कोणती, प्रॉडक्ट की (विंडोजचा परवाना क्रमांक) कोणती, मशीनमधल्या हार्ड डिस्कचे भाग कसे पाडायचे, युजरचं नाव काय, हे सेटअप एरवी माणसाला विचारतं. त्याची उत्तरं या फाइलमध्ये आधीच लिहिलेली असतात. बिघाड जवळजवळ नेहमी तीन ठिकाणी असतो: सेटअपला फाइल सापडत नाही, सापडते पण वाचता येत नाही, किंवा वाचता येते पण त्यातलं उत्तर समोरच्या मशीनला लागू पडत नाही.

आधी लक्षण ओळखा

- मशीन पेनड्राइव्हवरून चालूच होत नाही. जुनंच विंडोज उघडतं, नाहीतर काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नाही असं येतं.
- सेटअप उघडतं, पण भाषा किंवा प्रॉडक्ट की विचारत बसतं. जणू आन्सर फाइल नाहीच.
- डिस्कच्या यादीत काहीच दिसत नाही, ड्रायव्हर (यंत्राचा तो भाग विंडोजला ओळखायला लावणारं छोटं सॉफ्टवेअर) द्या म्हणतं. किंवा डिस्क दिसते, पण तिच्यावर विंडोज टाकता येणार नाही म्हणतं.
- फाइली कॉपी होताना काही टक्क्यांवर थांबतं आणि ०एक्स८००७०५७० सारखा एरर देतं.
- पहिल्या रीस्टार्टनंतर 'स्पेशलाइज' असा शब्द असलेला संदेश येतो, ओके दाबलं की पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा तोच संदेश.
- सगळं नीट होतं आणि पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉलेशन सुरू होतं.
- विंडोज येतं, पण सॉफ्टवेअर, प्रिंटर, मराठी कीबोर्ड यांतलं काहीच बसलेलं नसतं.

फोनवर 'पेनड्राइव्ह चालत नाही' एवढंच सांगितलं तर कुणालाच मदत करता येत नाही. शेवटी दिसलेल्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. सेटअप टप्प्याटप्प्यानं चालतं, आन्सर फाइलचे भागही त्याच टप्प्यांप्रमाणे असतात. असे एकूण ७ टप्पे आहेत, पण लॅबच्या कामात तीनच भेटतात. विंडोजपीई, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणारा पहिला भाग. स्पेशलाइज, म्हणजे पहिल्या रीस्टार्टनंतरचा. आणि ओओबीई सिस्टम, म्हणजे शेवटचे स्वागताचे पडदे. कोणत्या पडद्यावर अडकलं ते कळलं की फाइलचा कोणता भाग उघडायचा तेही कळतं.

काहीही करण्याआधी: पुसली जाणारी डिस्क कोणती?

ही तपासणी बिघाड शोधण्यासाठी नाही, तरी ती सगळ्यांच्या आधी करा. लॅबसाठी बनवलेल्या बहुतेक आन्सर फाइलींमध्ये 'डिस्कआयडी शून्य' आणि 'विलवाइपडिस्क ट्रू' असं लिहिलेलं असतं. अर्थ सरळ आहे: शून्य क्रमांकाची डिस्क पूर्ण पुसून टाक, विचारू नकोस. पण शून्य क्रमांक कोणाला द्यायचा हे फाइल ठरवत नाही, ते त्या मशीनवर ठरतं. एसएसडी आणि जुनी हार्ड डिस्क दोन्ही बसवलेल्या मशीनमध्ये तो क्रमांक दोघींपैकी कोणालाही मिळू शकतो.

एका कॉलेजच्या ऑफिसात मी हे भोगलं आहे. तीन सारखी मशीन होती. पहिल्या दोन्हींत शून्य क्रमांक एसएसडीला होता, म्हणून तिसऱ्यातही तसंच असेल असं मी धरून चाललो. तिथे तो हार्ड डिस्कला होता, आणि त्या डिस्कवर शिष्यवृत्तीच्या अर्जांची माहिती होती. काही भाग मॅडमनी दुसरीकडे ठेवला होता, उरलेला त्यांना कागदांवरून आठवडाभर बसून पुन्हा भरावा लागला. चूक माझी होती. तेव्हापासून विंडोज ज्या डिस्कवर टाकायचं तेवढीच जोडलेली ठेवतो. बाकीच्या डिस्कची डेटा केबल काढून ठेवतो, बाहेरची हार्ड डिस्क टेबलावरूनही हलवतो. केबल काढायला दोन मिनिटं लागतात.

लॅपटॉपची केबल काढता येत नसेल, तर पेनड्राइव्हवरच्या आन्सर फाइलचं नाव तात्पुरतं बदला आणि मग त्यावरून मशीन चालू करा. आता सेटअप भाषा विचारत थांबेल. शिफ्ट आणि एफ१० एकदम दाबा, काळी खिडकी उघडेल. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही दाबावं लागतं. त्या खिडकीत डिस्कपार्ट आणि मग लिस्ट डिस्क अशी आज्ञा द्या. क्रमांकासमोर आकार दिसतो, त्यावरून डिस्क ओळखा. आन्सर फाइल जागेवर असताना हे बघायला गेलात, तर तुमचं बोट एफ१० वर पोचेपर्यंत डिस्क पुसलेली असेल.

माझ्या अशा पेनड्राइव्हला मी लाल दोरा बांधून ठेवतो. कुणी चुकून तो मशीनला लावून रीस्टार्ट केलं तर काय होईल, हे लॅबमधल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

पहिली तपासणी: हातानं होण्यासारख्या गोष्टी

मशीनला लावलेले बाकीचे पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर काढा. सेटअप आन्सर फाइल शोधताना काढता-घालता येणारे ड्राइव्ह त्यांच्या अक्षरांच्या क्रमानं बघतं. दुसऱ्या पेनड्राइव्हवर त्याच नावाची जुनी फाइल असेल तर तीच उचलली जाते, आणि तुम्ही नव्या फाइलमध्ये तासभर चुका शोधत बसता. पोर्टही बदलून बघा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची आतली वायर सैल झालेली असते, मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात.

मग बूट मेनू, म्हणजे मशीन कशावरून चालू करायचं ते निवडायची यादी, उघडा. डेलवर एफ१२, एचपीवर एफ९, बाकी कंपन्यांचं बटण चालू होतानाच्या पडद्यावर लिहिलेलं असतं. अनेक मशीनवर एकच पेनड्राइव्ह यादीत दोनदा दिसतो, एकदा नावाआधी यूईएफआय लिहिलेला आणि एकदा नुसता. दोन्ही ओळी सारख्या वाटतात, पण वाटा वेगळ्या आहेत. यूईएफआय ही मशीन चालू होण्याची नवी वाट, बायोस ही जुनी. यूईएफआय वाटेनं गेलात तर विंडोजला जीपीटी पद्धतीची डिस्क लागते, जुन्या बायोस वाटेनं गेलात तर एमबीआर. जीपीटी आणि एमबीआर म्हणजे डिस्कचे भाग नोंदवायच्या दोन पद्धती. आन्सर फाइल एका वाटेसाठी लिहिलेली आणि मशीन दुसऱ्या वाटेनं सुरू झालेलं, म्हणजे डिस्क समोर दिसत असून सेटअप तिला नकार देतं. आलो कोणत्या वाटेनं, हे काळ्या खिडकीत रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, विचारूनही कळतं. करंट कंट्रोल सेटमधल्या कंट्रोलखाली पीईफर्मवेअरटाइप नावाची किंमत असते. ती १ असेल तर बायोस, २ असेल तर यूईएफआय.

आता बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, शिरून तारीख बघा. जूनमधल्या फोनांचं एक मोठं कारण इथे आहे. उन्हाळी सुट्टीत लॅबचा मेन स्विच बंद असतो आणि मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल जुना झालेला असतो. दीड महिना वीज नाही, सेल संपतो, आणि बायोस सगळी सेटिंग विसरून कारखान्यातल्या स्थितीवर जातं. बूटचा क्रम बदलतो, यूईएफआयऐवजी जुनी पद्धत लागते, साटा, म्हणजे डिस्क जोडायची व्यवस्था, एएचसीआय मोडवरून दुसऱ्याच मोडवर जातं. तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. म्हणून 'गेल्या वर्षी हाच पेनड्राइव्ह चालला होता' हे वाक्य खरं असतं. पेनड्राइव्ह तोच आहे, मशीन बदललं आहे. सेल किरकोळ किमतीत मिळतो. तो बदला, तारीख आणि सेटिंग लावा, वीज पूर्ण काढून पाच मिनिटांनी परत बघा. तारीख टिकली तरच पुढे जा. मागच्या तारखेवर विंडोज टाकलं तर नंतर वेबसाइट उघडताना सर्टिफिकेटच्या तक्रारी येतात आणि ॲक्टिव्हेशनही अडतं.

दुसरी तपासणी: फाइलचं नाव आणि जागा

कराडजवळच्या एका लॅबमधून फोन आला होता.

"सर, फाइल आहे की! मला समोर दिसतीये. तरी भाषा विचारतंय."

"फाइलीच्या पुढं काय लिहिलंय, टाइपच्या खाली?"

"टेक्स्ट डॉक्युमेंट."

तिथेच उत्तर होतं. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं. नोटपॅडमध्ये फाइल सेव्ह केली की दिसायला ती ऑटोअनअटेंड.एक्सएमएल, पण खरं नाव ऑटोअनअटेंड.एक्सएमएल.टीएक्सटी. सेटअपला हवं ते नाव पेनड्राइव्हवर नाहीच, म्हणून ते मुकाट्यानं माणसाला विचारू लागतं, एररसुद्धा देत नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूखाली फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा आणि नाव दुरुस्त करा.

नाव नुसतं अनअटेंड.एक्सएमएल असूनही चालत नाही. पेनड्राइव्हवर सेटअप ऑटोअनअटेंड हेच नाव शोधतं. आणि फाइल पेनड्राइव्ह उघडल्यावर लगेच दिसली पाहिजे, सेटअप.ईएक्सईच्या शेजारी. एखाद्या फोल्डरात नको.

तिसरी तपासणी: फाइल ब्राउझरमध्ये उघडा

एज किंवा क्रोममध्ये फाइल ओढून टाका. रचना बरोबर असेल तर ती झाडासारखी उलगडून दिसते. चूक असेल तर कितव्या ओळीवर, कितव्या अक्षरापाशी आहे ते ब्राउझर सांगतो. फुकटात आणि दहा सेकंदांत होणारी ही तपासणी लोक करत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

सापडणाऱ्या चुका ठरलेल्या असतात. पासवर्डमध्ये अँडचं चिन्ह वापरलेलं असतं. एक्सएमएलमध्ये त्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे, तिथे अँड-चिन्ह, मग एएमपी आणि अर्धविराम असं मिळून लिहावं लागतं. फाइल व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कॉपी केली असेल तर सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वाकडी आलेली असतात. नाहीतर एखादी ओळ खोडताना तिचा बंद होणारा टॅग राहून जातो.

ब्राउझर फक्त रचना तपासतो, मजकूर बरोबर आहे का ते त्याला कळत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या एडीके संचातलं विंडोज सिस्टिम इमेज मॅनेजर लागतं. दरवर्षी लॅब करत असाल तर ते शिकून घ्या.

चौथी तपासणी: उत्तरं या डिस्कला जुळतात का

*भाषा विचारली तर.* आपल्याकडे अनेक जण आयएसओ (पूर्ण विंडोज डिस्कची एकच मोठी फाइल) उतरवताना 'इंग्लिश इंटरनॅशनल' निवडतात. त्यात ब्रिटिश इंग्रजी असते. नेटवर मिळणाऱ्या आन्सर फाइलींमध्ये मात्र यूआयलँग्वेजसमोर अमेरिकन इंग्रजी लिहिलेली असते. ती भाषा डिस्कवर नाही, म्हणून सेटअप विचारतं. जी आयएसओ उतरवली तीच भाषा फाइलमध्ये लिहा.

*की किंवा एडिशनवर अडलं तर.* एका आयएसओत होम, प्रो, एज्युकेशन अशा अनेक आवृत्त्या असतात, प्रत्येकीला क्रमांक असतो. डिझम या आज्ञेच्या गेट-विमइन्फो पर्यायानं ती यादी दिसते. क्रमांक प्रोचा आणि की होमची असं झालं तर सेटअप 'लायसन्स टर्म्स सापडत नाहीत' असा संदेश देतं. त्या संदेशात कीचा उल्लेखही नसतो, त्यामुळे भलेभले लोक भलतीकडे शोधत बसतात. लॅपटॉपची आणखी एक गंमत नव्हे, अडचण आहे: कंपनीनं होमची की फर्मवेअरमध्येच ठेवलेली असते. फाइलमध्ये तुम्ही की दिली नाहीत तर सेटअप तीच उचलतं आणि न विचारता होम टाकून मोकळं होतं.

*काही उत्तरं मानली, काही नाहीत.* फाइलच्या प्रत्येक भागावर प्रोसेसरचा प्रकार लिहिलेला असतो. ३२ बिटसाठी एक्स८६, ६४ बिटसाठी एएमडी६४. प्रोसेसर इंटेलचा असला तरी ६४ बिटला एएमडी६४ असंच लिहितात. जुन्या ३२ बिट फाइलमधून दोन-चार भाग उचलून जोडले असतील तर ६४ बिट सेटअप ते भाग सोडून देतं.

पाचवी तपासणी: पेनड्राइव्ह आणि आयएसओ

०एक्स८००७०५७० म्हणजे फाइल खराब आहे किंवा वाचता येत नाही. आधी तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर लावा. सगळ्या मशीनवर अडलं तर पेनड्राइव्ह किंवा आयएसओ. एकाच मशीनवर अडलं तर त्या मशीनची रॅम किंवा डिस्क. एवढ्या एका प्रयोगानं अर्धी वाट कमी होते.

आयएसओ नीट उतरली का हे सर्टयुटिलच्या हॅशफाइल आज्ञेनं बघा. शा-२५६ ची जी लांबलचक संख्या येते ती मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावरच्या संख्येशी जुळली पाहिजे. एक अक्षर जरी वेगळं असेल तर फाइल पुन्हा उतरवा.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. नव्या विंडोजची इन्स्टॉल.विम, म्हणजे ज्यात खुद्द विंडोज भरलेलं असतं ती फाइल, त्याहून मोठी असते. कॉपी करताना मधली एक फाइल राहिली आणि 'स्किप' दाबलं गेलं, तर डिस्क सुरू होते आणि ऐनवेळी अडते. डिझमच्या स्प्लिट-इमेजनं ती फाइल ३८०० एमबीचे तुकडे करून ठेवा, सेटअप ते तुकडे स्वतः जोडून घेतं. डीव्हीडीवर मी आता वेळ घालवत नाही. विंडोज ११ ची आयएसओ ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीत मावत नाही.

बाजारात खोट्या क्षमतेचे पेनड्राइव्ह फार आहेत. वर ६४ जीबी छापलेलं, आत त्याच्या चौथाई जागाही नाही. फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, वाचताना कचरा निघतो. एच२टेस्टडब्ल्यू हे छोटं सॉफ्टवेअर पूर्ण पेनड्राइव्ह भरून परत वाचतं आणि खरी क्षमता सांगतं. लॅबच्या कामासाठी घेतलेला प्रत्येक नवा पेनड्राइव्ह मी आधी यातून काढतो.

सहावी तपासणी: आभासी मशीन

इथवर काही सापडलं नसेल तर त्याच आयएसओनं व्हर्च्युअलबॉक्स किंवा हायपर-व्हीमध्ये एक आभासी मशीन, म्हणजे संगणकातच सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा संगणक, चालवा. तिथे सगळं आपोआप झालं तर तुमची डिस्क बरोबर आहे, दोष मशीनमध्ये शोधा. तिथेही तसंच अडलं तर दोष फाइलमध्ये. दर वेळी खऱ्या मशीनवर वीस मिनिटं घालवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. फक्त एक लक्षात ठेवा, नव्या व्हर्च्युअलबॉक्सला स्वतःचं विनादेखरेख इन्स्टॉलेशन करण्याची सोय आहे. ती बंद केली नाही तर ते आपलीच आन्सर फाइल पुढे सरकवतं आणि तुम्ही भलत्याच फाइलची परीक्षा घेत राहता.

सातवी तपासणी: नोंदी वाचा

सेटअप काय करतंय ते स्वतः लिहून ठेवतं. दोन फाइली असतात, सेटअपअ‍ॅक्ट.लॉग आणि सेटअपएरर.लॉग. दुसरी छोटी असते, तीच आधी उघडा. पहिल्या टप्प्यात त्या एक्स ड्राइव्हवर विंडोजमधल्या पँथर फोल्डरात असतात. हार्ड डिस्कचे भाग पाडून झाल्यावर सी ड्राइव्हवरच्या डॉलर-विंडोज-बीटी या लपलेल्या फोल्डरातल्या पँथरमध्ये जातात, आणि शेवटी सी ड्राइव्हच्या विंडोज-पँथरमध्ये. शिफ्ट-एफ१० नं उघडलेल्या खिडकीत नोटपॅड टाइप केलं की नोटपॅड उघडतं. त्याच्या ओपन खिडकीत सगळे ड्राइव्ह दिसतात, फाइली तिथूनच पेनड्राइव्हवर कॉपी करता येतात. एक्स ड्राइव्ह म्हणजे रॅममधली जागा. मशीन बंद केलं की नोंदी गेल्या, म्हणून अडकलेल्या पडद्यावरून आधी फाइली उचला, मग बटण दाबा.

नोंदीत अनअटेंड हा शब्द शोधा. कोणती आन्सर फाइल, कोणत्या ड्राइव्हवरून घेतली हे तिथे कळतं. दुसऱ्या पेनड्राइव्हचा घोळ इथे उघडा पडतो.

स्पेशलाइजचा संदेश आला तर मी सगळ्यात आधी संगणकाचं नाव बघतो. ते १५ अक्षरांच्या आत हवं, इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच, मोकळी जागा नको. शाळेचं पूर्ण नाव, मजला आणि मशीन क्रमांक असं सगळं कोंबायचा मोह होतो आणि तिथेच गाडी अडते. तिथे नुसती चांदणी (*) लिहिली तर विंडोज स्वतः नाव ठरवतं. एका फाइलवर तीस मशीन करायची असतील तर तेच बरं, नाहीतर नेटवर्कवर तीस मशीन एकाच नावानं उभी राहतात. त्यानंतर टाइमझोन. तिथे 'इंडिया स्टँडर्ड टाइम' हे पूर्ण नाव लागतं, आयएसटी चालत नाही. मग स्पेशलाइज भागात दिलेली प्रॉडक्ट की. या तिन्हींत नसेल तर नोंदीत ज्या भागाचं नाव दिसतं तेवढाच भाग फाइलमधून काढून पुन्हा चालवा. एका वेळी एकच बदल करा. तीन बदल एकदम केले आणि चाललं, तर कशानं चाललं हे पुढच्या जूनमध्ये सांगता येणार नाही.

आठवी तपासणी: डिस्क दिसत नाही

इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची व्यवस्था चालू असते. एसएसडी तिच्यामागे असते, आणि सेटअपकडे तो ड्रायव्हर नसेल तर यादी रिकामी दिसते. एसएसडी बिघडलेली नसते, हे आधी मनाशी पक्कं करा. पूर्ण नवं विंडोज टाकायचं असेल तर बायोसमधून व्हीएमडी बंद करणं सोपं. पण आधीचं विंडोज त्या व्यवस्थेवर टाकलेलं असेल आणि तुम्हाला ते जपायचं असेल तर हात लावू नका, ते सुरू होणार नाही.

दुसरा मार्ग ड्रायव्हर डिस्कमध्येच घालण्याचा. इथे नेहमी होणारी चूक अशी: लोक इन्स्टॉल.विममध्ये ड्रायव्हर घालतात आणि बूट.विम विसरतात. डिस्क शोधण्याचं काम बूट.विम करतं, आणि तिच्यातही दोन प्रती असतात. सेटअप दुसऱ्या क्रमांकाच्या प्रतीवरून चालतं, म्हणून ड्रायव्हर तिथे हवाच. डिझमनं प्रत उघडा, ड्रायव्हर घाला, आणि बंद करताना कमिट, म्हणजे बदल जतन करण्याची सूचना, द्या. कमिट राहिलं तर सगळी मेहनत वाया. बंद करण्याआधी त्या फोल्डरची एक्सप्लोरर खिडकी मिटा, नाहीतर प्रत अर्धवट अडकते. डिस्कवर इन्स्टॉल.विमऐवजी इन्स्टॉल.ईएसडी असेल तर तीत थेट ड्रायव्हर घालता येत नाही, आधी विममध्ये काढून घ्यावी लागते.

पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं

पहिल्या रीस्टार्टनंतर मशीन हार्ड डिस्कवरून सुरू व्हायला हवं, ते पुन्हा पेनड्राइव्हवरून होतं. बायोसमध्ये कायमचा क्रम पेनड्राइव्हचा ठेवू नका, बूट मेनूतून एकदाच निवडा. 'कोणतंही बटण दाबा' हा प्रश्न काढून टाकलेली आयएसओ बनवली असेल तर ही फेरी हमखास होते, कारण तो प्रश्नच मशीनला थांबवणारा असतो. रीस्टार्टच्या क्षणी पेनड्राइव्ह काढला तरी चालतं, फक्त पुढच्या टप्प्यांना त्यावरून काही वाचायचं नसेल तर.

विंडोज आलं, पण बाकी काही नाही

शेवटी चालणाऱ्या आज्ञांमध्ये पेनड्राइव्हचं अक्षर डी असं लिहिलेलं असतं. एका मशीनवर तो डी असतो, दुसऱ्यावर ई. सोर्सेस फोल्डरात डॉलर-ओईएम-डॉलर नावाचा फोल्डर करा, त्यात डॉलर-एक. त्यात ठेवलेलं सगळं सी ड्राइव्हवर जातं, मग आज्ञा सी वरून चालवा. सेटअपकंप्लीट.सीएमडी वापरत असाल आणि कंपनीची ओईएम की असेल, तर एंटरप्राइझ सोडून इतर आवृत्त्यांवर ती फाइल चालवलीच जात नाही. अशा वेळी तेच काम आन्सर फाइलमधल्या फर्स्टलॉगऑन, म्हणजे पहिल्या लॉगिनला चालणाऱ्या, आज्ञांमध्ये लिहा.

मराठी कीबोर्ड देताना इनपुटलोकेलमध्ये इंग्रजी आधी, मराठी नंतर. जो पहिला तो मूळ कीबोर्ड होतो. मराठी आधी लिहिला की लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड देवनागरीत उमटतो, ठिपक्यांमुळे ते दिसत नाही, आणि बरोबर पासवर्ड देऊनही मशीन नाकारतं. एका शाळेत मुलं पूर्ण तास यात अडकून बसली होती.

पासवर्डवरून आठवलं. आन्सर फाइलमधला पासवर्ड अगम्य अक्षरांत दिसला तरी तो कुलूपबंद नसतो, कुणीही उलटा वाचू शकतो. पेनड्राइव्ह कपाटात ठेवा आणि लॅबचा खरा ॲडमिन पासवर्ड नंतर हातानं बदला.

इथे थांबा

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर एकही प्रयोग करू नका, प्रत्येक वेळी चालू केल्यानं ती आणखी बिघडते. डिस्क बिटलॉकरनं (विंडोजच्या कुलपानं) बंद असेल, त्याची रिकव्हरी की कुणाकडे नसेल आणि आतला डेटा हवा असेल, तर बायोसच्या सेटिंगला हात लावू नका. बायोसला पासवर्ड असेल, मशीन संस्थेच्या सर्व्हरला डोमेननं जोडलेलं असेल, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसत असतील, रॅमच्या तपासणीत चुका येत असतील, तर ते काम जाणकाराकडे द्या. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुन्या मशीनवर अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याची विनंती मला वारंवार होते. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या ज्या मशीनवर विद्यार्थ्यांची माहिती आहे तिथे मी ते करत नाही. नवं मशीन येईपर्यंत विंडोजऐवजी उबंटू ही फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकून देतो.

चुकीची डिस्क पुसली गेली असं लक्षात आलं, तर त्याच क्षणी वीज बंद करा. पुन्हा विंडोज टाकू नका, नेटवरचं रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवू नका. हार्ड डिस्क असेल तर डेटा परत काढणारे बरंच काही वाचवू शकतात. एसएसडी असेल तर ट्रिममुळे (पुसलेली जागा एसएसडी स्वतःच रिकामी करते त्यामुळे) आशा फार कमी असते, तरी मशीन बंद ठेवून लगेच न्या.

तज्ज्ञाकडे मशीन नेताना पेनड्राइव्ह, पडद्याचा फोटो आणि पँथर फोल्डराची प्रत सोबत द्या. गेल्या वर्षी चाललेली आन्सर फाइल वेगळी जपली असेल तर तीही द्या.